उसनवारीवर टिकलेला उजेड

संकटाच्या काळात एखादी सार्वजनिक संस्था मोडून पडली नाही, एवढ्यावरून ती सुदृढ आहे असा निष्कर्ष काढण्याची सवय आपल्या सार्वजनिक जीवनाला जडली आहे. महाराष्ट्र राज्य वीज वितरण कंपनी, म्हणजेच महावितरण, हिच्या 2020-21 या वर्षाबाबत नेमके हेच घडले. टाळेबंदी, चक्रीवादळ, पारेषण यंत्रणेतील मोठा बिघाड आणि थकत गेलेली बिले असे आघात एका वर्षात सोसूनही ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील वीजपुरवठ्याची व्यवस्था कोलमडली नाही. त्याचे श्रेय कंपनीला आणि विशेषतः तिच्या कर्मचाऱ्यांना द्यावेच लागेल. परंतु हा टिकाव कोणाच्या बळावर धरला गेला, त्याची किंमत कोणी मोजली आणि ती केव्हा मोजली, हे प्रश्न त्या वेळी फारसे विचारले गेले नाहीत. ते विचारल्यावाचून पुढच्या संकटाची तयारी होणार नाही.

टंचाईचे संकट आणि मंदीचे संकट

विजेच्या दृष्टीने ठाणे जिल्ह्याचा नागरी भाग एकसंध नाही. मुंबई शहरात बेस्ट आणि उपनगरांत खासगी कंपन्या वीज पुरवीत असल्या, तरी भांडुप-मुलुंडपासून महावितरणचे क्षेत्र सुरू होते. ठाणे शहर कंपनीच्या भांडुप परिमंडळात मोडते, तर कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा टापू कल्याण परिमंडळात येतो. भिवंडीचे वितरण 26 जानेवारी 2007 पासून टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपविण्यात आले. कळवा, मुंब्रा आणि शीळ हा भाग 1 मार्च 2020 रोजी त्याच कंपनीच्या हाती गेला. मूळ परवाना मात्र दोन्ही ठिकाणी महावितरणकडेच राहिला. मुंब्र्याच्या नव्या व्यवस्थेला चार आठवडेही पुरे झाले नव्हते, तोच 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली.

या पट्ट्याला विजेची आपत्ती नवी नव्हती. 1960 साली स्थापन झालेल्या वीज मंडळाचे विभाजन 6 जून 2005 रोजी झाले आणि महावितरणचा जन्म झाला, तोच मुळी तीव्र टंचाईच्या काळात. त्यानंतरची काही वर्षे कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकांनी भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच दळणकांडण, पाणी भरणे आणि मुलांचा अभ्यास उरकला. ते संकट टंचाईचे होते. घेणारे तयार होते आणि वीज अपुरी होती. 2020 चे संकट याच्या नेमके उलट होते. वीज मुबलक होती. तिचे पुरेपूर मोल देणारा ग्राहक मात्र एका रात्रीत नाहीसा झाला होता. एप्रिल 2020 मध्ये देशातील विजेचा वापर आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या तुलनेत एक पंचमांशाहून अधिक घटला.

वापर घटला तर खर्चही घटेल, असे सामान्य माणसाला वाटते. वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक कमी झाले की तो माल कमी भरतो. वीज वितरणाचा धंदा तसा चालत नाही. कंपनीच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा असतो आणि ती खरेदी दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधलेली असते. या करारांत प्रत्यक्ष घेतलेल्या विजेची किंमत वेगळी आणि निर्मितिकेंद्र सज्ज ठेवल्याबद्दल द्यावयाचा स्थिर आकार वेगळा. वीज घेतली नाही तर कोळशाचा खर्च वाचतो. स्थिर आकार चुकत नाही. उपकेंद्रे, वाहिन्या, रोहित्रे, पगार आणि कर्जाचे व्याज हा खर्चही वापराबरोबर खाली उतरत नाही.

त्यात महाराष्ट्रातील दररचनेची भर पडते. उद्योग आणि व्यापार यांना सरासरी पुरवठा खर्चाहून अधिक दर लावायचा आणि त्या अधिक्यातून शेतीपंपांना व कमी वापराच्या घरगुती ग्राहकांना स्वस्त वीज द्यायची, अशी ही रचना आहे. तिला अंतर्गत अनुदान म्हणतात. टाळेबंदीत डोंबिवली, अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील बहुतेक चाके थांबली, ठाण्यातील दुकाने व कार्यालये बंद झाली आणि भिवंडीच्या यंत्रमागांवरचा कामगार गावाकडे चालू लागला. त्याच वेळी घराघरांतले पंखे आणि संगणक दिवसभर सुरू राहिले. म्हणजे चढ्या दराची विक्री आटली आणि उतरत्या दराची वाढली. अनुदान देणारा घरी बसला आणि अनुदान घेणाऱ्याची गरज वाढली, अशा दुहेरी कात्रीत कंपनी सापडली. राज्य वीज नियामक आयोगाने मार्च 2020 च्या अखेरीस औद्योगिक व व्यापारी ग्राहकांना तीन बिलांपुरता स्थिर आकार भरणे लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. मंदीने ग्रासलेल्या कारखानदारांसाठी ती आवश्यक होती. पण निर्मितिकंपन्यांना द्यावयाचा स्थिर आकार चालूच राहणार असल्याने त्या मुभेचा भार काही काळ तरी वितरण कंपनीच्या अंगावर आला.

बिलाचा भडका

टाळेबंदीत मीटरवाचन आणि छापील बिलांचे वाटप थांबविण्यात आले. माणसे घरोघर पाठविणे आरोग्याच्या दृष्टीने शक्य नव्हते, म्हणून तो निर्णय रास्तच म्हणावा लागेल. ग्राहकांना सरासरीने बिले गेली आणि ती सरासरी डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांची होती. जूनमध्ये वाचन पुन्हा सुरू झाले, तेव्हा उन्हाळ्याचा आणि घरबसल्या कामाचा सारा वापर एकदम बिलावर चढला. जून-जुलैत कंपनीच्या कार्यालयांपुढे रांगा लागल्या; लूट, फसवणूक असे शब्द सर्रास वापरले जाऊ लागले.

या वादातील अंकगणित समजून घेण्यासारखे आहे. समजा, डोंबिवलीतील एका चाकरमान्याच्या घरी हिवाळ्यात महिन्याला 120 युनिट वीज लागते. त्याला एप्रिल आणि मे महिन्यांची बिले 120 युनिटांचीच आली. प्रत्यक्षात तिन्ही महिन्यांत मिळून 660 युनिट, म्हणजे महिन्याला 220 युनिट वापर झाला होता. जूनच्या बिलात मग 420 युनिट उरतात, नेहमीच्या साडेतीन पट. हे 420 युनिट एकाच महिन्याचे धरले तर ग्राहक तीनशे युनिटांवरच्या चढ्या टप्प्यात जातो. तिन्ही महिन्यांत विभागले तर तो शंभर ते तीनशेच्या टप्प्यातच राहतो. वापर अशा रीतीने महिन्यांत विभागूनच आकारणी केली आहे, असा खुलासा कंपनीने केला. आयोगाच्या सूचनेनुसार नेहमीच्या दुपटीहून मोठे बिल तीन हप्त्यांत भरण्याची सोय झाली आणि एकरकमी भरणाऱ्यांना दोन टक्के सवलत देण्यात आली.

खुलासा बरोबर असला तरी तो उशिरा आला. बिल हातात पडल्यावर दिलेले स्पष्टीकरण ग्राहकाला सबब वाटते. तेच आधी दिले असते तर ती सूचना ठरली असती. शिवाय एक साधी गोष्ट हुकली. आदल्या वर्षीच्या एप्रिल-मेचे वाचन कंपनीच्या संगणकात उपलब्ध होते. थंडीच्या सरासरीऐवजी त्याच ऋतूचे आकडे घेतले असते, तर अंदाज वास्तवाच्या पुष्कळ जवळ गेला असता आणि जूनचा धक्का सौम्य झाला असता. अडचणीच्या वर्षात संस्थेची पत पैशाइतकीच विश्वासावर चालते. तो विश्वास या एका चुकीच्या सरासरीने डळमळला आणि बिल न भरण्याला नैतिक समर्थन मिळाले.

पुढचा गोंधळ राजकारणाने घातला. वाढीव बिलांबाबत सवलत मिळेल अशी आशा सरकारकडून दाखविली गेली. नोव्हेंबर 2020 मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी ती मिळणार नसल्याचे सांगितले. विरोधकांनी आंदोलने केली. थकबाकीदारांची वीज तोडण्याच्या कारवाईला 2 मार्च 2021 रोजी विधानसभेत स्थगिती देण्यात आली आणि अधिवेशन संपता संपता, 10 मार्चला, ती उठविण्यात आली. वस्तुतः विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 65 मध्ये याविषयी नियम स्पष्ट आहे. राज्य सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यावयाची असेल, तर त्या रकमेची भरपाई सरकारने आगाऊ केली पाहिजे. सवलत जाहीर करायची आणि तिची तरतूद मात्र करायची नाही, हा मार्ग कायद्याला मान्य नाही. आश्वासनाच्या प्रतीक्षेत ज्यांनी बिले थांबविली, त्यांच्यावर पुढे थकबाकी आणि व्याज चढले. ज्यांनी निमूटपणे भरली, त्यांना आपण मूर्ख ठरलो की काय, असे वाटले. वसुलीच्या शिस्तीला याहून मोठा अपाय दुसरा नसतो.

खांबावरची माणसे

हिशेबाच्या वहीत न उमटणारी एक बाजू या वर्षाला होती. 23 मार्चपासून उपनगरी लोकल गाड्या बंद होत्या. अत्यावश्यक सेवकांसाठी त्या मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या 15 जूनला. वायरमन आणि उपकेंद्रातील यंत्रचालक यांना घरून काम करण्याची सोय नव्हती. बिघाड प्रतिबंधित क्षेत्रात झाला तरी जावे लागे आणि इमारतीच्या मीटरघरात शिरताना वर कोण आजारी आहे हे ठाऊक नसे. ठाण्यात बाळकुमला आणि डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुलात करोना रुग्णालये उभी राहिली. प्राणवायूची यंत्रे आणि कृत्रिम श्वसनयंत्रे विजेवर चालतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळात एका फीडरचे मोल काय होते, ते ध्यानी येईल.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ठाण्याला त्याचा फटका तुलनेने कमी बसला. पण रायगड जिल्ह्यात हजारो खांब आडवे झाले आणि ते उभे करण्यासाठी इतर परिमंडळांतून माणसे व साहित्य पाठवावे लागले. राज्यभर पसरलेल्या एकाच कंपनीचा हा लाभ आहे. एका जिल्ह्यातील माणूस दुसऱ्या जिल्ह्याच्या मदतीला धाडण्यासाठी तेथे करार करत बसावे लागत नाही. मे 2021 मधील तौक्ते वादळाच्या वेळीही हीच रीत उपयोगी पडली.

या माणसांशी व्यवस्था कशी वागली? कामावर असताना करोनाने मृत्यू आल्यास वारसांना 30 लाख रुपये साहाय्य जाहीर झाले, हे योग्यच झाले. परंतु आघाडीचे कर्मचारी म्हणून मान्यता आणि लशीत प्राधान्य मिळावे, यासाठी वीज कर्मचाऱ्यांच्या संघटनांना मे 2021 मध्येही झगडावे लागत होते. त्यांतही कंत्राटी कामगारांची स्थिती अधिक नाजूक होती. खांबावर चढण्याचा धोका कायम कामगाराइतकाच. नोकरीची हमी मात्र कंत्राटाच्या मुदतीएवढी. संस्थेचा चिवटपणा म्हणून ज्याचे कौतुक झाले, त्याचा एक मोठा भाग या माणसांनी स्वतःच्या जिवावर पत्करलेली जोखीम होती.

बिघाड एकाचा, बोल दुसऱ्याला

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा बहुतांश भाग अंधारात गेला. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि करोना रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. नागरिकांचा रोष नेहमीप्रमाणे बिल पाठविणाऱ्या कंपनीवर गेला. बिघाड मात्र महावितरणचा नव्हता. महापारेषणच्या 400 किलोव्होल्टच्या कळवा-पडघा वाहिन्यांपैकी एकीचे देखभालीचे काम चालू असताना दुसरीत दोष उद्भवला आणि महानगराकडे येणारा वीजप्रवाह तुटला. काही तासांत पुरवठा टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाला. या घटनेमागे सायबर घातपात असल्याचा संशय राज्य सरकारने मार्च 2021 मध्ये व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्रालयाने मानवी चुकीचे कारण पुढे केले.

त्या वादापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, एवढ्या लोकवस्तीला वीज आणणारे मार्ग हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच होते. एक मार्ग देखभालीसाठी बंद असता दुसरा बंद पडला, तर तिसरा तयार हवा. सुदृढतेची अभियांत्रिकी व्याख्या याहून निराळी नाही. खारघर-विक्रोळी ही दीर्घकाळ रेंगाळलेली 400 किलोव्होल्टची वाहिनी 2023 मध्ये कार्यान्वित झाली. या राज्यात शहाणपण येते, पण बहुधा अंधार पडून गेल्यावर.

हिशेब कोणी चुकता केला?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ग्राहकांकडून येणे थांबले असता कंपनीने देणी कशी भागविली? पहिला आधार निर्मितिकंपन्यांच्या धीराचा. त्यांची बिले थकत गेली. दुसरा आधार कर्जाचा. केंद्र सरकारने 13 मे 2020 रोजी देशातील वितरण कंपन्यांसाठी 90 हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन आणि आरईसी या वित्तसंस्थांनी राज्यांच्या हमीवर कर्ज द्यायचे आणि त्यातून निर्मितिकंपन्यांची देणी फेडायची, असे तिचे स्वरूप होते. योजनेला साहाय्य म्हटले गेले. प्रत्यक्षात ते व्याजाने दिलेले कर्ज होते. एका सावकाराचे देणे दुसऱ्या सावकाराकडून आणून फेडले की पहिल्याची वही मिटते, ऋणकोची नाही.

थकबाकीचे आकडे हेच सांगतात. मार्च 2020 च्या अखेरीस महावितरणची येणी सुमारे 51 हजार कोटी रुपये होती. डिसेंबर 2020 अखेर ती 63 हजार कोटींच्या पुढे गेली. यातला फार मोठा भाग शेतीपंपांचा आणि वर्षानुवर्षे साचलेला होता. म्हणजे करोनाने आजार निर्माण केला नाही. जुन्या आजारावर ताप चढविला. ज्या संस्थेची येणी आधीच डोईजड आहेत, तिच्याजवळ संकटाच्या वर्षी मोडायला गाठीला काही नसते. नियामक आयोगाच्या नियमांत आकस्मिक राखीव निधीची तरतूद आहे. परंतु तो स्थिर मालमत्तेच्या मूल्याच्या अल्पांशाने जमतो. तीन महिन्यांची वसुली गोठली तर तो कितपत पुरणार?

त्यामुळे 2020-21 चा भार त्या वर्षात शोषला गेला नाही. तो पुढे ढकलला गेला. 2021 च्या नव्या पुरवठा संहितेनुसार सुरक्षा ठेव एका महिन्याऐवजी दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी झाली आणि 2022 च्या उन्हाळ्यात ग्राहकांच्या हाती वाढीव ठेवीची वेगळी बिले पडली. एप्रिल 2023 पासून वीजदर वाढले. या वाढीला इंधनासह अनेक कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि अडचणीच्या वर्षी लांबणीवर टाकलेला खर्च दरांतून किंवा करांतून कधी तरी परततो, हा अर्थशास्त्राचा नियम वीज कंपनीला अपवाद करीत नाही. टाळेबंदीत ज्याला वाटले की आपले बिल माफ व्हावे, त्यालाच ते अन्य नावाने द्यावे लागले.

पुढचा धोका

या सगळ्यात ठाणे परिसराचे महत्त्व वेगळे आहे. दाट वस्ती, कमी अंतराच्या वाहिन्या, उद्योग-व्यापाराचा मोठा वापर आणि बऱ्यापैकी नियमित भरणा यांमुळे भांडुप परिमंडळ ही कंपनीची दुभती गाय आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये अदानी समूहातील कंपनीने मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल परिसरासाठी समांतर वितरण परवान्याचा अर्ज आयोगाकडे केला. त्याविरुद्ध वीज कर्मचाऱ्यांनी 4 जानेवारी 2023 रोजी 72 तासांचा संप पुकारला. तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर तो त्याच दिवशी मागे घेण्यात आला. स्पर्धेने सेवा सुधारते, हा युक्तिवाद पोकळ नाही. भिवंडीत खासगी हातांनी वीजगळती आटोक्यात आणली, हेही खरे. परंतु दुभते तेवढे खासगी गोठ्यात जाणार आणि भाकड जनावरे सरकारी दावणीला राहणार असतील, तर पुढच्या संकटात विदर्भ-मराठवाड्यातील शेतीपंपांची वीज कोणत्या अधिक्यातून स्वस्त ठेवायची, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. अंतर्गत अनुदान मोडायचे असेल, तर ते उघडपणे मोडून अर्थसंकल्पातून तेवढी रक्कम द्यावी. मागच्या दाराने ते आटू देणे ही सुधारणा नव्हे.

उपाय अद्भुत नाहीत. वाचन अशक्य झाल्यास बिल आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांवर आधारावे आणि तसे बिलावरच स्पष्ट लिहावे. कलम 65 चा आधार घेऊन, तरतुदीवाचून केलेली कोणतीही सवलतीची घोषणा आयोगाने निरर्थक ठरवावी. चांगल्या वर्षांत वसुलीतील तुटीसाठी स्वतंत्र निधी साठवावा आणि त्याला हात लावण्याचा अधिकार मंत्रालयाला नसावा. कंत्राटी वायरमनचा विमा व सुरक्षासाधने यांची जबाबदारी कंत्राटदाराच्या मर्जीवर न सोडता कंपनीने स्वतः उचलावी. हे सर्व खर्चाचे आहे, हे खरे. परंतु न केल्यास तो खर्च टळत नाही, केवळ त्याचे बिल उशिरा येते.

2020-21 मध्ये ठाणे-कल्याण पट्ट्यातील उजेड टिकला, तो निर्मितिकंपन्यांच्या थकलेल्या बिलांवर, वित्तसंस्थांच्या कर्जावर आणि वायरमनच्या जिवावर. या तिन्ही उसनवाऱ्या एकाच पिढीत वारंवार मिळतील असे गृहीत धरणे, हेच येत्या काळातले सर्वांत मोठे भारनियमन ठरू शकते.